पाणी थांबले, तेल नाही: सुती गणवेशाच्या ‘स्वयंस्वच्छ’ कापडाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका प्रोसेस हाऊसचे आहे. तिथे विणकाम होत नाही. मागावरून उतरलेले कोरे कापड आणायचे, त्याची खळ काढायची, स्कॉवरिंग (सुतातले मेण-तेल काढणारी धुलाई), ब्लीचिंग, मर्सरायझिंग (कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया) आणि रंगाई करायची आणि शेवटी फिनिश चढवून पाठवायचे, असे त्यांचे काम. समोरचा पक्ष म्हणजे गणवेश भाड्याने देणारी कंपनी. ती गणवेश शिवून घेते, यंत्रशाळांना आणि मोठ्या स्वयंपाकघरांना पुरवते, मळलेले कपडे गोळा करून स्वतःच्या औद्योगिक लाँड्रीत धुते आणि परत पोचवते. म्हणजे कापड निवडणारा विभाग आणि ते धुणारा विभाग एकाच संस्थेतले. पण या दोघांचे आपसात बोलणे जवळजवळ नव्हते, आणि निम्म्या अडचणी तिथूनच आल्या. ओळख पटेल असे सर्व तपशील इथे वगळले आहेत. मला यात मध्येच, चाचण्या अडल्यावर, फिनिशिंगपुरते बोलावले गेले. त्याआधीचे जे लिहिले आहे ते प्रयोगशाळेच्या नोंदवहीतून आणि संबंधितांशी बोलून.

कापड शंभर टक्के सुती ट्विल, चौरस मीटरला साधारण २४० ग्रॅम, गडद निळे. पॉलिस्टर मिसळायचे नाही, ही कंपनीची पहिली अट, कारण भट्टीजवळ काम करणारे लोक सुतीच मागतात.

मागणी काय होती

खरेदी अधिकारी एक चित्रफीत घेऊन आले होते. तीत पांढऱ्या कापडावरून रंगीत पाणी, मध आणि सॉस घरंगळत खाली जातात आणि कापड कोरेच्या कोरे राहते. ‘आम्हाला हेच पाहिजे,’ असे ते म्हणाले. कागदावर आल्यावर मागणी अशी झाली: पाण्याच्या फवारा चाचणीत नवे कापड १०० आणि ३० धुलाईनंतर किमान ८०, तेलरोधात नवे असताना श्रेणी ५, ३० धुलाईनंतर ४, कापड कडक होऊ नये, हवा खेळती राहावी, आणि शेवटच्या ओळीत, पीएफएएस, म्हणजे निसर्गात टिकून राहणारी फ्लुओरीनयुक्त कृत्रिम रसायने, अजिबात नको.

ज्यांचा या चाचण्यांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे. फवारा चाचणीत ४५ अंशांत ताणून धरलेल्या कापडावर १५० मिलिमीटर उंचीवरून २५० मिलिलीटर पाणी सोडतात आणि किती भिजले ते चित्रांशी ताडून पाहतात. १०० म्हणजे एकही थेंब चिकटला नाही, ८० म्हणजे थेंब पडले तिथे ओल दिसते, ५० म्हणजे वरची बाजू सगळी भिजली. तेलरोधाच्या एएटीसीसी ११८ चाचणीत (एएटीसीसी ही वस्त्र-रसायनतज्ज्ञांची अमेरिकी संघटना) आठ द्रवांचे थेंब क्रमाने ठेवतात. पहिला द्रव खनिज तेलाचा, तिसरा हेक्साडेकेन, चौथा टेट्राडेकेन, पाचवा डोडेकेन, आठवा हेप्टेन. आकडा वाढतो तसा द्रवाचा पृष्ठताण घटतो, म्हणजे तो कापडात मुरायला अधिक उत्सुक असतो. थेंब ३० सेकंद ठेवायचा आणि पाहायचे. थेंबावर कोणताही दाब द्यायचा नाही. हे शेवटचे वाक्य लक्षात असू द्या.

अडचणीचे मूळ

मागणीतली तेलरोधाची ओळ आणि शेवटची ओळ एकमेकींशी भांडत होत्या. पाण्याचा पृष्ठताण २० अंश तापमानाला सुमारे ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर. खाद्यतेले आणि खनिज तेले ३० ते ३५ च्या आसपास, हलकी हायड्रोकार्बन २० ते २८. द्रव पसरू नये असे वाटत असेल तर खालच्या पृष्ठाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा बरीच खाली हवी. सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल गट ठासून भरलेले असतात, त्यामुळे कोऱ्या सुताला पाणी आणि तेल दोन्ही प्रिय. मेण, सिलिकोन किंवा लांब शेपटीचे हायड्रोकार्बन चढवले की पृष्ठऊर्जा २२ ते ३० च्या पट्ट्यात येते. पाण्याला ते पुरेसे आहे, तेलाला नाही. तेलाला थोपवायचे तर नीट रांगेत बसलेले ट्रायफ्लुओरोमिथाइल गट लागतात, ज्यांची पृष्ठऊर्जा ६ च्या जवळ येते. फ्लुओरीनशिवाय इतके खाली नेणारे, कापडावर टिकणारे आणि बाजारात मिळणारे दुसरे रसायन नाही.

अळवावरचे पाणी आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्याच पानावर तेलाचा थेंब टाकून पाहणारे फार थोडे. तो पसरतो. पानावरचे सूक्ष्म उंचवटे आणि मेण पाण्यासाठी चोख काम करतात, पण मेण तेलाचे सोयरे आहे. बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाचे हे तंत्र मांडल्यापासून ‘स्वयंस्वच्छ’ हा शब्द जाहिरातींत शिरला, आणि पाण्याबद्दलचे खरे विधान हळूहळू सगळ्या डागांवर लागू होऊ लागले. खरेदी अधिकाऱ्यांच्या चित्रफितीतही तेल कुठेच नव्हते. मध आणि सॉस दिसायला चिकट असले तरी मुळात पाण्याचेच द्रव.

प्रयोगशाळा प्रमुखांनी हे एका पानात लिहून व्यवस्थापनाला दिले: फ्लुओरीन नको असेल तर तेलरोधाची श्रेणी ४ विसरा. विक्री विभागाने ते पान खरेदीदारापर्यंत पोचवलेच नाही. ‘आधी नमुने करू, मग बघू’ असे ठरले. हा पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात महागडा.

कोणते पर्याय होते

आठ कार्बनच्या शेपटीची जुनी फ्लुओरोरसायने विचारातच नव्हती. १९५० च्या दशकापासून कापडावर डागरोधक म्हणून राज्य केलेला हा वर्ग विघटित होऊन पीएफओएससारखी संयुगे मागे ठेवतो, जी निसर्गात मोडतच नाहीत. स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस २००९ मध्ये आणि त्याच कुळातले पीएफओए २०१९ मध्ये गेले.

सहा कार्बनची फ्लुओरोअ‍ॅक्रिलेट रसायने हा दुसरा पर्याय. पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘पीएफओए-मुक्त’ लिहिले होते आणि खरेदीदाराच्या कागदपत्रांत ते ‘पीएफएएस-मुक्त’ म्हणून चढले. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहा कार्बनची शेपूट हीदेखील पीएफएएसच. तिच्या विघटनातून येणाऱ्या पीएफएचएक्सए या आम्लावर युरोपीय संघाने २०२४ मध्ये बंधन आणले असून सर्वसामान्यांच्या कपड्यांसाठी ते ऑक्टोबर २०२६ पासून लागू होते. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कापडातील एकूण सेंद्रिय फ्लुओरीन दशलक्ष भागांत १०० च्या खाली हवे, आणि २०२७ पासून ५० च्या खाली. खरेदीदाराचा काही माल अशा बाजारांत जाणार होता, त्यामुळे हा पर्याय केवळ तुलनेसाठी ठेवायचा असे ठरले.

तिसरा पर्याय सिलिका नॅनोकण आणि त्यावर लांब शेपटीचा सिलेन. व्यवस्थापनाचा जीव यात अडकला होता, कारण चित्रफितीसारखे दिसणारे हेच एक होते. चौथा, हायड्रोकार्बन शेपट्या लावलेली पॉलियुरेथेन किंवा मेणाधारित रसायने; नाव साधे, काम भरवशाचे, फक्त पाण्यापुरते. टायटेनियम डायऑक्साइडचाही विषय निघाला. त्यातली स्वच्छता वेगळ्या जातीची, अतिनील प्रकाशात डाग हळूहळू जाळणारी. दिवसभर छपराखाली वापरायच्या, गडद रंगवलेल्या कापडाला तिचा उपयोग नाही, उलट रंग आणि सूत दोन्हींना धोका. तो विषय तिथेच मिटला.

आणखी एक पर्याय होता जो त्या वेळी यादीत नव्हताच: डाग अडवायचा नाही, लागू द्यायचा, पण धुताना सहज सुटेल असे करायचे. त्याकडे पुढे येऊ.

पहिल्या नमुन्यांनी दिलेला धक्का

तुलनेसाठी ठेवलेले सहा कार्बनचे रसायन आधी चढवले. पॅडिंग मॅन्गलवर (कापड द्रावणात बुडवून रोलरमधून पिळणाऱ्या यंत्रावर) सुमारे ७० टक्के पिक-अप, म्हणजे कापडाच्या वजनाच्या तेवढे द्रावण, अ‍ॅसिटिक आम्लाने बाथचा पीएच साडेचारच्या आसपास, ११० अंशांवर वाळवणे, १६० अंशांवर दोन मिनिटे क्युअरिंग, सोबत ब्लॉक्ड आयसोसायनेट, म्हणजे उष्णतेत जागे होऊन फिनिशची जोडणी घट्ट करणारे द्रव्य. पाठ्यपुस्तकात शोभेल अशी कृती. फवारा चाचणीत आले ७०. ज्या रसायनाकडून १०० सहज अपेक्षित, त्याचे ७०.

पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने मात्रा वाढवायला सांगितले. मात्रा वाढवली, आकडा थोडा हलला, कापड मात्र कडक झाले. मला बोलावले गेले ते इथे.

कापडाचे कात्रण घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीत जोरात हलवले तर फेस आला. फिनिश चढण्याआधीच्या, तयार म्हणून दिलेल्या कापडातून फेस येतो याचा अर्थ त्यात आर्द्रकारक साबणासारखी द्रव्ये शिल्लक आहेत. आयोडिनचा थेंब टाकला तर काठाकडे निळसर छटा, म्हणजे खळीतला स्टार्च पूर्ण निघालेला नाही. पाण्याच्या अर्काचा पीएच नऊच्या वर, म्हणजे मर्सरायझिंगचा कॉस्टिक नीट धुतलेला नाही. रंगाईसाठी हे चालून जाते. रंग चढतो, कोणी तक्रार करत नाही. जलरोधक फिनिशला मात्र चालत नाही. एका बाजूने पृष्ठऊर्जा खाली आणायची आणि त्याच सुतावर पाण्याला बोलावणारी द्रव्ये ठेवायची, यातून ७० च मिळणार. शिवाय उरलेला कॉस्टिक बाथचा पीएच वर ढकलतो आणि इमल्शन मॅन्गलवरच फुटू लागते. रोलरवर चिकट पट्टे दिसत होते ते त्याचेच.

तेच कापड गरम पाण्यात दोनदा खंगाळून, सौम्य आम्लाने उदासीन करून पुन्हा चालवले. मात्रा मूळचीच. फवारा १००, तेलरोध ५.

या प्रकरणातून काही एक उचलायचे असेल तर माझ्या मते हेच. जलरोधाच्या तक्रारी रसायनाच्या नावाने नोंदल्या जातात, पण त्यांतल्या कितीतरी पूर्वप्रक्रियेत जन्मतात. फेसाची चाचणी करायला बाटली आणि एक मिनिट लागतो. प्रोसेस हाऊसने यानंतर फिनिशला जाणाऱ्या प्रत्येक बॅचसाठी फेस, आयोडिन आणि पीएच या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. आर्द्रकारकही बदलला: बाथमध्ये ओलावा आणून वाळवताना उडून जाणारा घेतला, म्हणजे कापडावर काही मागे राहत नाही.

सिलिकाचा मोह

स्वच्छ कापडावर सिलिकाचा नमुना झाला आणि सगळे खूश झाले. कापड जरा कलते केले की पाण्याचे थेंब गोळ्यांसारखे पळत होते. वर काजळी भुरभुरली तर थेंब ती गोळा करून नेत होते. संचालकांनी स्वतः मोबाइलवर चित्रण केले. कारण भौतिकीतले जुनेच: खडबडीत जलविरोधी पृष्ठावर थेंबाखाली हवा अडकते, आणि कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडल्याप्रमाणे थेंब निम्मा हवेवरच बसतो. सुताचे धागे मुळात गोल आणि विणीत पोकळ्या, त्यात नॅनोकणांचा खडबडीतपणा, त्यामुळे स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठाशी करते तो कोन) १५० अंशांच्या वर जातो.

मग मार्टिंडेल या घर्षणचाचणीच्या यंत्रावर गणवेशाच्या कापडासाठी ठरलेल्या १२ किलोपास्कल दाबाखाली घासले. जिथे घासले तिथे थेंब चिकटू लागले. गडद निळ्यावर पांढुरकी झाक आली, नखाने ओढले तर खडूसारखी रेघ उमटली. कणांना धरून ठेवणारा बाइंडर वाढवला तर रेघ कमी होई, पण कणांची टोके बाइंडरमध्ये बुडून खडबडीतपणाच जाई, आणि कापड पुठ्ठ्यासारखे होई. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे. कोपर, खिशाची कड, मांडी, जिथे गणवेश रोज घासतो तिथे ती उरतच नाही.

तेलाची चाचणी त्याहून बोलकी. तेलाचा थेंब सिलिकाच्या कापडावर ठेवला तर तो तिथेच नाहीसा झाला, कोऱ्या कापडापेक्षाही लवकर. त्यात नवल नाही. वेंझेलने १९३६ मध्ये दाखवल्यानुसार खडबडीतपणा पृष्ठाचा मूळ कल अधिक तीव्र करतो. पृष्ठ तेलाचे सोयरे असेल तर खडबडीत झाल्यावर ते तेल शोषून घेणारच. नंतर धुतले तर डाग हटेना, कारण साबणाचे पाणी आत शिरत नव्हते. आत तेल, बाहेर पाण्याला मज्जाव. चित्रफितीत झळकलेले स्वयंस्वच्छ कापड तेलासाठी सापळा ठरले होते.

इथे संचालकांचा आग्रह होता की सिलिका फक्त ‘प्रीमियम’ म्हणून थोड्या प्रमाणात विकावी. प्रयोगशाळा प्रमुखांनी हट्टाने नकार दिला. चित्रण पाहून माल घेणारा गिऱ्हाईक तिसऱ्या धुलाईनंतर परत येईल, असे त्यांचे म्हणणे होते. तो नकार टिकला.

लाँड्रीत दिसलेले खरे डाग

इथपर्यंत कोणीही मळलेला गणवेश हातात घेतला नव्हता. खरेदीदाराच्या लाँड्रीत जायचा प्रस्ताव मी मांडला आणि तो मान्य व्हायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला, कारण खरेदी विभागाला वाटे की लाँड्रीचा यात काय संबंध.

टोपलीतून कपडे काढून टेबलावर पसरले तेव्हा दोन वेगळ्या कथा दिसल्या. यंत्रशाळेच्या गणवेशांवर डाग होते मांड्यांवर, पोटावर आणि बाहीच्या टोकाशी. हात पुसल्याचे, यंत्राला टेकल्याचे. ग्रीस, वापरलेले इंजिन तेल, त्यात काजळी आणि धातूचा चुरा. हे डाग थेंबाथेंबाने पडलेले नव्हते, दाबून आणि रगडून आत घातलेले होते. दाब न देता ३० सेकंद ठेवलेल्या थेंबाची श्रेणी ५ असो की ६, रगडलेल्या ग्रीसपुढे तिला फारसा अर्थ नाही. म्हणजे मागणीतला तेलरोधाचा आकडा फ्लुओरीन वापरून पूर्ण केला असता तरी यंत्रशाळेचे गणवेश मळकेच राहिले असते. उलट फ्लुओरोफिनिशमधून आत दाबले गेलेले तेल धुताना सुटायलाही जास्त त्रास देते. हा दोष जुना आणि ठाऊक असलेला आहे, म्हणूनच पुढे पाण्यात गेल्यावर जलस्नेही बाजू बाहेर काढणारी दुहेरी स्वभावाची फ्लुओरोपॉलिमर बनवली गेली.

स्वयंपाकघरातल्या अ‍ॅप्रनची गोष्ट निराळी. तिथे बहुतेक शिंतोडे पाण्याचे: भांडी धुतानाचे, उकळी फुटून उडालेले, सॉसचे. तेल होते, पण पाण्याच्या मानाने कमी, आणि तेही पुढच्या पट्ट्यात.

लाँड्रीच्या व्यवस्थापिका अनुभवी होत्या. त्यांनी विचारलेला प्रश्न आतापर्यंत कोणी विचारला नव्हता: ‘डाग लागू नये हे हवंय, की आमच्याकडून निघून जावा हे? दुसरं असेल तर आम्हाला आधी सांगा, आम्ही पाण्याचं तापमान आणि अल्कली त्याप्रमाणे ठेवू.’ मागणीचे पुढे जे झाले ते या प्रश्नामुळे.

मागणी पुन्हा लिहिली

एकाच कापडावर सगळे बसवण्याचा नाद सोडून दोन कापडे करायचे ठरले. खरेदी अधिकाऱ्यांना हे पटायला वेळ लागला. दोन कापडे म्हणजे दोन साठे, दोन खाती. पण टेबलावर पसरलेले गणवेश त्यांनीही पाहिले होते.

यंत्रशाळेच्या कापडाला रोधक फिनिश काहीच नाही, त्याऐवजी कार्बोक्झिल गटांच्या अ‍ॅक्रिलिक पॉलिमरचे डाग-मोचक फिनिश. ते सुताला धुण्याच्या पाण्यात फुगवते, साबणाला आत घेते आणि तेलाला बाहेर ढकलते. त्याची कसोटी एएटीसीसी १३०: मक्याच्या तेलाचा डाग टाकून त्यावर सुमारे सव्वादोन किलोचे वजन एक मिनिट ठेवायचे, धुवायचे आणि उरलेला डाग १ ते ५ मध्ये मोजायचा, ५ म्हणजे डाग गेला. या चाचणीत दाब आहे. प्रत्यक्षाच्या ती जवळ आहे.

अ‍ॅप्रनच्या कापडाला हायड्रोकार्बन शेपट्यांचे पॉलियुरेथेन, कमी मात्रेत ब्लॉक्ड आयसोसायनेटसह. मागणीतली तेलाची ओळ काढून टाकली. ‘स्वयंस्वच्छ’ हा शब्दही गेला आणि त्याजागी लिहिले, ‘पाणी व पाण्याधारित द्रवांचे शिंतोडे न शोषणारे, तेलासाठी नाही.’ विक्री विभागाला हे वाक्य फिके वाटले. मला ते आवडले.

आयसोसायनेटची मात्रा ठरवताना पुन्हा ओढाताण झाली. जास्त मात्रेत धुलाई-टिकाऊपणा वाढत होता, पण कापडाची फाटण्याला तोंड देण्याची ताकद घटत होती, कारण जाळे घट्ट झाले की धागे एकमेकांवर सरकत नाहीत आणि ताण एकाच धाग्यावर येतो. ताकदीच्या बाजूने निर्णय झाला. खिशाशी फाटलेला अ‍ॅप्रन जलरोधक असून काय उपयोग.

उत्पादनात अचानक आलेला फ्लुओरीन

पहिल्या मोठ्या बॅचचा एकूण फ्लुओरीन तपासायला पाठवला आणि तो मर्यादेच्या वर आला. कृतीत फ्लुओरीन कुठेच नव्हता. माग काढत गेल्यावर कळले की त्याच मॅन्गलच्या कुंडात काही काळापूर्वी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा सहा कार्बनचा माल चालला होता, आणि कुंड, रोलर, रसायन नेणाऱ्या नळ्या पाण्याने धुतल्या म्हणजे पुरे असे मानले गेले होते. फ्लुओरोपॉलिमर चिकटून बसणारे असते आणि मर्यादा दशलक्ष भागांतली. एवढ्याशा अवशेषानेही ती ओलांडली जाते. नळ्या बदलल्या, कुंड अल्कलीने उकळून साफ केले, फ्लुओरीन-मुक्त मालासाठी वेगळे कुंड ठेवले आणि सुरुवातीचे काही मीटर कापड टाकाऊ धरून मगच माल गुंडाळायचा, असा नियम केला. त्यानंतरचे नमुने मर्यादेत आले.

निष्पत्ती

अ‍ॅप्रनचे कापड नवे असताना फवाऱ्यात १००. २० औद्योगिक धुलाईनंतर गरम हवेत सुकवले तर ८० ते ९०, दोरीवर सुकवले तर ७०. हा फरक चकवा नाही. धुताना शेपट्या विस्कळीत होतात आणि साबणाचा पातळ थर राहतो. उष्णता मिळाली की शेपट्या पुन्हा बाहेर वळतात. म्हणून लाँड्रीने दोन बदल केले: शेवटचे खंगाळणे वाढवले आणि मऊपणासाठी घालत असलेले द्रव्य या कापडाला बंद केले, कारण त्याचा थर पाण्याला पुन्हा बोलावतो. ३० धुलाईनंतर गरम हवेत सुकवूनही आकडा ७० वर आला. मूळ मागणीतले ८० गाठले गेले नाही, हे खरेदीदाराला चाचणी अहवालासह लेखी दिले गेले. तोडगा म्हणून २० धुलाईनंतर लाँड्रीतच शेवटच्या खंगाळण्यात फिनिशची पुनर्मात्रा द्यायची आणि मग गरम हवेत सुकवायचे, असे ठरले.

यंत्रशाळेच्या कापडाने डाग-मोचनात नवे असताना ४ ते ५ दिले, ३० धुलाईनंतर ३ ते ४. कोरे, फिनिश नसलेले तेच कापड २ च्या आसपास होते. कामगारांकडून आलेली प्रतिक्रिया मजेदार होती: कापड जास्त मऊ आणि घाम टिपणारे वाटते. ते साहजिक आहे. पाण्याला जवळ करणारे फिनिश घामालाही जवळ करते. हा फायदा कोणी मागितला नव्हता.

एक छोटा गट या दोन्ही कापडांत बसला नाही: इंधन आणि बॅटरीचे आम्ल हाताळणारे कर्मचारी. तिथे प्रश्न डागाचा नव्हता, अंगाचा होता. त्यांना गणवेशाचे कापड देऊच नये, प्रमाणित संरक्षक पोशाख घ्यावेत, असे सांगितले गेले. अशा पोशाखांना काही फ्लुओरीन-बंदी नियमांत सवलत आहे ती याच कारणाने.

काय वेगळे करता आले असते

लाँड्रीची भेट पहिली व्हायला हवी होती. डाग कुठे लागतो, कसा लागतो, कोणत्या पाण्यात धुतला जातो हे कळले असते तर सिलिकाचा सगळा अध्याय टळला असता, आणि तेलरोधाची श्रेणी कागदावर आलीच नसती. प्रयोगशाळा प्रमुखांचे ते एक पान खरेदीदाराच्या हाती गेले असते तरी बरेच वाचले असते. विक्री विभागाला भीती होती की ‘नाही’ ऐकून गिऱ्हाईक जाईल. खरे पाहता खरेदी अधिकाऱ्यांना ‘नाही’ पेक्षा उशीर जास्त जाचला, आणि ते त्यांनी नंतर स्पष्ट बोलून दाखवले.

चाचण्यांचा क्रमही उलटा हवा होता. नव्या कापडावर पाण्याचा थेंब सगळ्यांनाच जिंकतो. आधी घासा, मग धुवा, आणि उरले त्यावर थेंब टाका, म्हणजे चित्रण करण्याजोगे नमुने फार कमी उरतात आणि बैठका लवकर संपतात. तेलाचा थेंब ठेवताना त्यावर वजन ठेवून पाहणेही प्रयोगशाळेने आता अंतर्गत पद्धत म्हणून सुरू केले आहे. ते कोणत्याही प्रमाणित चाचणीत बसत नाही, त्यामुळे अहवालात लिहीत नाहीत, पण नमुना पुढे न्यायचा की नाही ते त्यावर ठरवतात.

पुनर्मात्रेचा विषय अजून सुटलेला नाही. लाँड्रीच्या खंगाळण्यातून फिनिश सगळ्या अ‍ॅप्रनवर सारखे चढत नाही. टोपलीच्या मध्यभागी दबलेल्या कपड्यांना कमी मिळते, आणि रसायनाचा एक भाग सांडपाण्यात जातो, ज्याचा हिशोब लाँड्रीला द्यावा लागतो. व्यवस्थापिकांचे म्हणणे आहे की निम्मा भरणा करून यंत्र चालवले तर काम सारखे होते, पण मग पाणी दुप्पट लागते. २० धुलाईनंतर अ‍ॅप्रनच बदलावा, हा प्रोसेस हाऊसचा प्रस्ताव त्यांनी परत पाठवला आहे.